टाचेला टिकली: बंदरावरच्या बायकांची चाल मोजताना

परवा ज्युनियर बॅचमधल्या एका मुलीचा रात्री साडेअकराला मेसेज, ताई सिनॉप्सिस कसा लिहायचा, मला रडू येतंय. (सिनॉप्सिस म्हणजे डिझर्टेशनचा आधी द्यायचा आराखडा.) तिला व्हॉइस नोट पाठवायला घेतली ती अकरा मिनिटांची झाली आणि तरी मी एथिक्स कमिटीपर्यंतच, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीपर्यंतच, पोचले होते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट, एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स, आत्ता डिसेंबरमध्ये संपलं, डिझर्टेशनचा विषय मासे विकणाऱ्या बायकांची चाल, अनवाणी आणि स्लिपर घालून. बंदराचं नाव देणार नाही, बायकांना तसा शब्द दिलाय आणि तो कन्सेंट फॉर्मवर छापलेलाही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे.

जानेवारी 2024 मध्ये सुरुवात केली तेव्हा डोक्यात सगळं भारी भारी होतं. इन्फ्रारेड कॅमेरे, अंगावर चिकटवलेले चमकणारे गोळे, जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट, म्हणजे आपलं पाऊल पडलं की जमीन उलट किती जोराने ढकलते ते मोजणारी पाटी. आमच्या कॉलेजात यातलं काही म्हणता काही नाही. शहरातल्या एका लॅबला ईमेल टाकला, बारा दिवसांनी उत्तर आलं, माणशी 3,500 रुपये. चाळीस जणी धरल्या तर 1 लाख 40 हजार, वर गाडीभाडं. गाईड सर नुसते हसले. म्हणाले, पैशाचं सोड, पापलेटाची पाटी टाकून तुझ्या लॅबमध्ये येणार कोण?

मग विषय बदलायचा का याच्यावर दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत मी घरी होते आणि तिथेच खरा विषय मिळाला. आमच्या वाडीत एक काकी मासे घेऊन येते, मी शाळेत होते तेव्हापासून. बंदरावरून वाडीत यायला जांभ्याची पाखाडी आहे, 140 पायऱ्या (लहानपणी मोजलेल्या, रिसर्चसाठी परत मोजल्या तर 138 निघाल्या). काकी ओटीवर टेकली आणि म्हणाली ढोपर लय दुखतंय गो, चढताना नाय, उतरताना. मला शिकलेलं ऐकवायची हौस. तिला सांगितलं, जर्मनीत काही लोकांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून मोजलंय, पाचच पेशंट होते, 2010 मध्ये छापून आलं, सपाटीला चालताना गुडघ्यावर वजनाच्या 2.6 पट भार येतो, जिना चढताना 3.2 पट आणि उतरताना साडेतीन पटीच्या जवळ. म्हणजे तुझं बरोबर आहे, उतरतानाच जास्त.

काकीने चुंबळ सारखी केली आणि विचारलं, "तां वजन पाटी धरून काय पाटी सोडून?"

आता त्या पेपरमध्ये वजन म्हणजे माणसाचं स्वतःचं वजन. तो पेपर मी तीनदा वाचला होता आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची भरलेली पाटी आमच्या काट्यावर ठेवून बघितली, 17 किलो 400 ग्रॅम. काकी स्वतः 51 किलो. म्हणजे अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर. केनियातल्या बायकांवर 1986 मध्ये एक प्रसिद्ध काम झालंय, डोक्यावर स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ओझं घेतलं तरी त्यांना चालायला जास्तीची ऊर्जा लागत नाही असं निघालं, पुढे 1995 मध्ये त्याचं कारणही सापडलं, ओझ्याखाली त्यांची चाल लंबकासारखी जास्त सफाईने झुलते. पण ते 20 टक्क्यांपर्यंत. आमच्या काकीने ती रेघ केव्हाच ओलांडलेली.

सरांना फोन केला. ते म्हणाले, पाटी राहू दे, एथिक्सवाले पाटीवर अडकवतील, आधी चपलेचं बघ. (ते बरोबर होते, पुढे कळेलच.)

चपलेचं का, तर गुडघ्याचं गणित बरंचसं पावलापासून सुरू होतं. आपण चालतो तेव्हा जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या बरोबर मधून जात नाही, थोडा आतल्या बाजूने जातो, म्हणून गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार. वयानुसार तोच कप्पा आधी झिजतो, आणि तो झिजला की पाय फेंगडे होत जातात, की भार अजून आत. शिकागोच्या एका टीमने 2006 मध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे 75 पेशंट आधी त्यांच्या रोजच्या बुटात आणि मग अनवाणी चालवले, अनवाणी चालताना गुडघा आत ढकलणारा तो जोर जवळजवळ 12 टक्क्यांनी कमी. आणि आपल्याच किनाऱ्यावर जरा खाली, कर्नाटकात, दोन डॉक्टरांनी 2300 मुलांची पावलं तपासली होती, ते 1992 चं. चप्पल-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे 8.6 टक्के, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. हे वाचून मला वाटलं झालं, आपल्या बायका निम्मा दिवस अनवाणीच असतात, सोप्पं आहे. सोप्पं कसलं.

सिनॉप्सिस 14 मार्चला दिला. नमुना किती घ्यायचा हे जी-पॉवर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर काढलं, एकाच बाईची दोन स्थितींत तुलना, मध्यम फरक, 80 टक्के पॉवर (खरंच फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), उत्तर 34. गळती धरून 40. हे काढायला मला चार दिवस लागले, यूट्यूबवर अर्ध्या तासाचं काम आहे, लाजू नका, बघा. प्रत्येक बाई दहा मीटर दोनदा चालणार, एकदा अनवाणी, एकदा स्वतःच्या स्लिपरमध्ये, आधी काय ते चिठ्ठी टाकून ठरणार. मधल्या सहा मीटरचंच मोजायचं, कारण सुरुवातीला माणूस वेग घेतो आणि शेवटी सोडतो.

एथिक्स कमिटी आमच्याकडे महिन्यातून एकदा बसते. फाईल पंधरा दिवस आधी, नऊ प्रती, प्रत्येक पानावर सही, फी 2,000. एप्रिलची मीटिंग माझी हुकली ती एका सहीसाठी, ज्यांची सही हवी होती ते मुलीच्या लग्नाच्या सुट्टीवर. टीप लिहून ठेवा, सह्या कोणाकोणाच्या लागतात याची यादी पहिल्याच दिवशी काढा आणि त्या माणसांच्या रजा विचारून घ्या, ओशाळं वाटलं तरी. मेच्या मीटिंगला मला आत बोलावलं. सात जण, एसी फुल्ल, आणि माझा मराठी कन्सेंट फॉर्म सगळ्यांच्या हातात.

पहिला प्रश्न एका वकीलसाहेबांचा, बाई पडली तर जबाबदार कोण. रास्त प्रश्न. दुसरा एका ज्येष्ठ मॅडमचा, "तुमच्या प्रश्नावलीत ढोपर दुखतं का असं विचारलंय, चालण्याच्या अभ्यासात कोपराचा काय संबंध?" मॅडम घाटावरच्या, त्यांच्याकडे ढोपर म्हणजे कोपर. आमच्याकडे ढोपर म्हणजे गुडघा, आणि बंदरावर गुडघा हा शब्द कोणी वापरतच नाही. यावर दहा मिनिटं गेली, खोटं नाही सांगत. शेवटी असं ठरलं की प्रश्नासोबत पायाचं चित्र द्यायचं आणि बोट ठेवून दाखवायला सांगायचं. आणि हे फार कामाचं निघालं, कारण आपल्या भाषेत पाय म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत काहीही. पाय दुखतात असं चाळीसपैकी चाळीस जणी म्हणाल्या असत्या, बोट ठेवायला सांगितल्यावर कुणाचं टाचेवर, कुणाचं पोटरीवर, कुणाचं ढोपराच्या आतल्या बाजूला. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अधःशाखेच्या सांध्यांमधील वेदना' असा शब्दप्रयोग होता, तो मी आता कुणाला दाखवत नाही.

24 मेला पत्र आलं, मंजुरी पण अकरा शंकांची उत्तरं दिल्यावर. त्यातल्या कामाच्या तेवढ्या सांगते. एक, डोक्यावर पाटी देऊन चालवायचं नाही, त्या स्वतःहून नेतात तेव्हा बघून नोंद करा, एवढंच. सर म्हणाले होते तसंच. दोन, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा आणि त्याचीही सही हवी. माझी मैत्रीण चालणार नाही, कारण ती व्हिडिओ काढणार होती. मी अंगणवाडीच्या सेविकेला विचारलं, ती तिचं काम आटपून यायची, तिच्याशिवाय हे झालंच नसतं. तीन, चपला.

चपलांचं असं की मला बायकांच्या जुन्या स्लिपर हव्या होत्या, झीज मोजायला, आणि बदल्यात नवीन जोडी देणार होते. कमिटीचं म्हणणं, नवीन चपलेच्या मोहाने बाई हो म्हणेल. वेळ मोडला, धंदा बुडला त्याची भरपाई देता येते, पण आमिष नको. मला आधी राग आला, दीडशे रुपयांच्या हवाई चपलेचं आमिष? मग तोडगा निघाला, नवीन जोडी सगळ्यांना, जी मध्येच नाही म्हणेल तिलाही, आणि ती मोजमापाच्या शेवटी. आता विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे दीडशे रुपये म्हणजे किती ते मला माहीत असायला हवं होतं.

उत्तरं 3 जूनला दिली. पण 1 जूनपासून मासेमारी बंद. दर वर्षी 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर-बोटी बंद असतात, हे माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर घडतं आणि मी टाइमटेबलमध्ये जून-जुलै 'डेटा कलेक्शन' असं लिहून बसले होते. बंदरावर नुसत्या ताडपत्र्या घातलेल्या होड्या आणि पाऊस. अंतिम पत्र 28 जूनला हातात आलं.

मधल्या काळात सीटीआरआयचं काम केलं. ही माणसांवरच्या अभ्यासांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका, पण पहिला माणूस घेण्याच्या आधी नंबर हातात पाहिजे, 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही. फॉर्म लांबलचक आहे आणि सारखा लॉगआउट होतो, म्हणून आधी सगळं वहीत किंवा वर्डमध्ये लिहून मग कॉपी-पेस्ट करा. माझा फॉर्म दोनदा परत आला, एकदा एथिक्सच्या पत्रावरचं टायटल आणि फॉर्मवरचं टायटल यात एका शब्दाचा फरक होता म्हणून, दुसऱ्यांदा स्कॅन अस्पष्ट म्हणून. नंबर 2 ऑगस्टला आला. मी तेव्हा एसटीत होते, अर्ध्या तिकिटावर, शेजारच्या आजींना उगाचच सांगितलं नंबर आला. त्यांना वाटलं लॉटरीचा.

बंदी उठली तरी श्रावण होता, गिऱ्हाईक नाही. नारळी पौर्णिमा 19 ऑगस्टला झाली आणि 22 ला मी पहिल्यांदा सामान घेऊन उतरले. मच्छीमार सोसायटीची परवानगी आधी काढली होती, चेअरमनकाकांनी लिलावाच्या शेडमागचा काँक्रीटचा सपाट तुकडा दिला. पण मी सकाळी सात वाजता पोचले आणि बंदर रिकामं. होड्या भरतीला येणार होत्या. एका आजींनी मला विचारलं आज तिथी काय, मला सांगता येईना. त्यांनी तिथेच शिकवलं, तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, आली भरतीची वेळ. त्या दिवशी तृतीया, म्हणजे तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. मोबाईलवरच्या भरती-ओहोटीच्या ॲपशी ताडून बघितलं, थोडंफार इकडेतिकडे. त्यानंतर माझं डेटा कलेक्शनचं टाइमटेबल कालनिर्णयावर चाललं.

मार्करची गंमत. चालीचा व्हिडिओ काढला की त्यावर कोन मोजायला कातडीवर खुणा लागतात, ढोपराच्या बाजूला, घोट्याच्या हाडावर, पोटरीच्या मधोमध, टाचेच्या मागे वर आणि खाली. कमरेजवळची खूण मी आधीच सोडून दिली होती, कारण बायका मॅक्सीवर टॉवेल बांधून असतात, खूण लावणार कुठे. मी ऑनलाइन मागवलेले स्टिकर घाम, खारं पाणी आणि खवले यांच्यापुढे दोन मिनिटं टिकले नाहीत. तिसऱ्या बाईच्या घोट्यावरून तिसऱ्यांदा स्टिकर पडला तेव्हा माझा चेहरा रडवेला झाला असणार, कारण तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून टिकल्यांचं पाकीट काढलं, मखमली, मोठ्या, काळ्या, आणि म्हणाली ही लाव, माझी घामाला पडत नाय. स्पिरिटने पुसून लावली. नाही पडली. पुढचा सगळा अभ्यास टिकल्यांवर झाला, पाकीट दहा रुपयाला, सावळ्या पायावर पांढरी आणि गोऱ्या पायावर काळी. थिसिसमध्ये मात्र 'वर्तुळाकार चिकट मार्कर, व्यास 8 मिलिमीटर' असं लिहिलंय. बायकांना याचं हसू आवरेना, कपाळ सोडून टाचेला टिकली लावते ही डाक्टरीण, आणि एकीने तर विचारलं, पाय बघून काय करतंस गो, पोराला मुलगी बघतंस काय?

कॅमेऱ्याचं सांगते कारण मेथडॉलॉजीच्या पुस्तकात हे नसतं. फोन ढोपराच्या उंचीवर ट्रायपॉडवर, चालण्याच्या रेषेला काटकोनात, जितका लांब नेता येईल तितका लांब नेऊन झूम न करता. जवळ ठेवलात तर कडेला कोन खोटे येतात. जमिनीवर एक मीटरची काठी ठेवून तिचाही व्हिडिओ घ्यायचा, सॉफ्टवेअरला माप कळायला. कोन मोजायचं कायनोव्हिया नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. आणि पहिले दोन-तीन फेरे टाकून द्या, कॅमेरा दिसला की माणूस सैन्यात असल्यासारखा चालतो.

आता चपला, ज्याच्यासाठी एवढं भांडले. माझ्या सिनॉप्सिसमध्ये दोन रकाने होते, अनवाणी आणि 'नेहमीचे पादत्राण'. बंदरावर दोन दिवस नुसतं बसून बघितलं तेव्हा कळलं की असे दोन रकाने तिथे नाहीतच. घरून येताना स्लिपर. उतारावर शेवाळ आणि बर्फाचं पाणी आलं की स्लिपर काढून पाटीच्या कडेला खोचायची किंवा काखेत, आणि अनवाणी उतरायचं, बोटं रोवून. वाळूत अनवाणी. शेडमध्ये परत स्लिपर, कारण खाली खेकड्याच्या नांग्या आणि काटे. आणि पाखाडीवर उन्हं तापली असतील तर स्लिपर, नाहीतर नाही. एक बाई तासाभरात सात वेळा चप्पल घालते आणि काढते, मी मोजलं. विचारलं तर म्हणतात, असं काय नाय गो, पायाक कळतं. माझ्या प्रश्नावलीत 'दिवसातून किती तास पादत्राण वापरता' असा प्रश्न होता, त्याला उत्तर काय देणार त्या.

आणि चप्पल स्वतः. काकीची जुनी जोडी माझ्यासमोर आहे हे लिहिताना. निळा पट्टा, अंगठ्याजवळचा गोळा भोकातून निसटतो म्हणून खालून सेफ्टी पिन आडवी लावलेली, पिन गंजून रबरात रुतलेली. नवीन जोडीची टाच व्हर्नियरने 17 मिलिमीटर भरते. हिच्या टाचेची आतली कड 11, बाहेरची कड 4. साठ मिलिमीटरच्या रुंदीत सात मिलिमीटरचा उतार, म्हणजे साडेसहा अंशांच्या आसपास, बाहेरच्या बाजूला कलता. आता गंमत बघा, गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावरचा भार कमी करायला संशोधक बुटात पाच-सहा अंशांचं पाचर घालतात, पण ते बाहेरची बाजू उंच करणारं, ही कल्पना जपानमधून 1980 च्या दशकात पुढे आली. (त्याने भार थोडा कमी होतो, पण दुखणं कमी होतं का यावर वाद आहे.) काकीच्या चपलेने तेवढ्याच अंशाचं पाचर तयार केलंय, पण नेमकं उलट्या दिशेचं. मी ते बघून रात्री झोपले नाही. सरांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, छान, पण तू गुडघ्यावरचा जोर मोजलेला नाहीस, तेव्हा शांत झोप.

सप्टेंबरात 7 ला गणपती, आमच्याकडे गणपतीत रिसर्च वगैरे काही चालत नाही, मीही घरी मोदक वळत होते. मग पितृपक्ष, मग नवरात्र, मासे खाणारे कमी म्हणून बायका कमी. दोन जणी मुंबईला लेकाकडे गेल्या. एकीचा नवरा म्हणाला व्हिडिओ नको, विषय संपला. एक बाई घसरली, माझ्या टेस्टमध्ये नाही, लिलावात, पण माझ्या पोटात गोळाच आला, ती तिसऱ्या दिवशी लंगडत आली आणि म्हणाली आता मोज, आता चाल बदललीय. तिला नाही घेता आलं, निकषात बसत नव्हती, तिला फार राग आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा 34 वर थांबला. बरोब्बर 34. गळती धरून चाळीस का लिहायचे ते तेव्हा कळलं.

जानेवारी 2025 ची चूक ही माझीच, आणि ती सांगितलीच पाहिजे. फोन स्लो-मोशन 240 फ्रेमने शूट करतो पण फाईल 30 च्या वेगाने सेव्ह करतो, म्हणून सॉफ्टवेअरला खरा वेग सांगावा लागतो, नाहीतर सगळ्या वेळा आठपट लांबतात. हे मला माहीत होतं, मी सगळीकडे 240 टाकलं. विसरले काय, तर पहिल्या आठवड्यात माझा फोन दुरुस्तीला होता आणि मी भावाचा वापरला होता, आणि तो 120 ने शूट करत होता. सरांनी एक्सेल शीटवर पेन ठेवलं, "ही 2.1 मीटर पर सेकंद चालणारी 63 वर्षांची आजी कोण?" नऊ बायका दुप्पट वेगाने पळत होत्या माझ्या शीटमध्ये. त्या नऊ दुरुस्त करायला एक दिवस लागला असता, पण विश्वास उडाला म्हणून सगळे व्हिडिओ पहिल्यापासून परत मोजले, तीन आठवडे, डोळ्यांत पाणी. प्रत्येक फाईलच्या नावात फोन आणि फ्रेम रेट लिहा. एवढं एक ऐकाच.

निकालात काही आभाळ कोसळलं नाही. स्लिपरमध्ये बायकांचं पाऊल अनवाणीपेक्षा थोडं आखूड पडतं, अमेरिकेत 2010 मध्ये फ्लिप-फ्लॉप आणि स्पोर्ट शूजची तुलना झाली होती त्यातही फ्लिप-फ्लॉपमध्ये पाऊल आखूडच पडलं होतं, पट्टा निसटू नये म्हणून माणूस बोटं आवळतो, त्याच्याशी ते जुळलं. टाचेच्या कलण्यात मला वाटलेला फरक स्टॅटिस्टिक्समध्ये टिकला नाही. स्टॅटिस्टिशियनने शांतपणे सांगितलं तेव्हा मी दोन कप चहा प्यायले आणि मग लिहायला बसले. निकाल 'नाही' आला तरी डिझर्टेशन पास होतं, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

लिहून झाल्यावर प्लॅजिअरिझम रिपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतं ते, 23 टक्के. दहाच्या आत हवा. बहुतेक सगळं मेथडॉलॉजीतलं, टेस्टची ठरलेली वर्णनं आणि गाईडलाईन्सची वाक्यं. ती स्वतःच्या शब्दांत लिहिली, 8 वर आला. हार्डबाउंड पाच प्रती 3,250, स्टॅटिस्टिशियन 4,000, चपला चाळीस जोड्या 5,600, ट्रायपॉड, व्हर्नियर, शाई-कागद मिळून दोन हजाराला कमी, एसटी 2,600 च्या आसपास, एथिक्सची फी धरून सगळं मिळून 19,400. 30 जून 2025 ही शेवटची तारीख होती, मी 27 ला दिलं, बाहेर पाऊस आणि प्रती गोणपाटात गुंडाळून.

वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, डिसेंबरमध्ये. बाहेरून आलेले एक्झामिनर पाठ खूप सरळ ठेवून बसणारे. त्यांनी टिकल्यांचं काही विचारलं नाही, बहुतेक कळलंच नाही. चपलेच्या झिजेच्या पानावर मात्र थांबले. म्हणाले, हे फोम आहे, बाई उभी राहिली की दाबलं जाणार, रिकाम्या चपलेची जाडी मोजून तुला काय कळलं? मी म्हटलं सर, दाबल्यावर उतार वाढतो की कमी होतो ते मला माहीत नाही, मर्यादांमध्ये लिहिलंय. त्यांनी पान उलटून खात्री केली. मग विचारलं, आणि त्या पाटी घेऊन चालतात तेव्हा? मी म्हटलं, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी काकीने विचारला होता सर, आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते हसले की नाही ते कळलं नाही, पुढचा प्रश्न विचारला.

निकाल लागल्यावर बंदरावर जाऊन सांगून आले, तसं कबूल केलं होतं. शाईने घेतलेल्या पावलांच्या ठशांच्या झेरॉक्स ज्यांना हव्या त्यांना दिल्या. काकीने विचारलं, मग काय ठरला, चप्पल घालू काय नको? मी म्हटलं घाल, पण बाहेरची कड गेली की बदल, आणि पाखाडी उतरताना पाटी रिकामी असेल तर हातात घे आणि दुसऱ्या हाताने गडग्याचा आधार घे. ती म्हणाली, ता मी करतंयच.

जुन्या चपलांचे 34 जोड, प्रत्येकाला कोड नंबरची चिठ्ठी बांधून, एका पोत्यात आमच्या पडवीत आहेत. कमिटीच्या नियमाने अभ्यासाचं सगळं साहित्य तीन वर्षं जपायचं आहे, म्हणजे 2028 चा डिसेंबर. आईला तसं सांगितलंय. ती रोज सकाळी पडवी झाडताना पोत्याकडे बघते आणि म्हणते, बोंबलाचा वास येतो गो याला, निदान एकदा उन्हात तरी घालू का. नको म्हटलं, रबर वाकडं होईल.